रेटिंगनं तीनशेनं वरचा समोर बसतो तेव्हा

बुद्धिबळाच्या स्पर्धेत पेअरिंगचा कागद, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची यादी, भिंतीवर लागतो. गर्दीतून मान घालून आपण आपलं नाव शोधतो आणि समोरच्या रकान्यात आपल्यापेक्षा तीनशे-चारशेनं मोठं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, दिसतो. बहुतेक जण तिथंच निम्मा डाव हरतात. हा लेख त्या कागदापासून डाव संपेपर्यंतच्या चार-पाच तासांसाठी आहे.

स्विस पद्धतीच्या स्पर्धेत, म्हणजे कुणी बाद होत नाही आणि दर फेरीला नव्या जोड्या लागतात अशा स्पर्धेत, हे टळत नाही. पहिल्या फेरीत यादीचे दोन भाग करून वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला खालच्या अर्ध्यातला पहिला देतात. साठ खेळाडू असतील तर १ विरुद्ध ३१, २ विरुद्ध ३२, असं. म्हणजे खालच्या अर्ध्यात नाव असेल तर पहिल्याच फेरीत तगडा माणूस मिळणार हे स्पर्धेत नाव नोंदवलं तेव्हाच ठरलेलं असतं. मग तयारीही त्या हिशेबानं करावी.

आधी आकडा नीट वाचा

फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्याप्रमाणे रेटिंगमध्ये ३०० चा फरक असेल तर खालच्या खेळाडूकडून डावामागे ०.१५ गुणाची अपेक्षा धरतात; विजयाचा एक गुण, बरोबरीचा अर्धा. असे दहा डाव झाले तर दीड गुण. तीन बरोबऱ्या आणि सात हार, किंवा एक विजय, एक बरोबरी, आठ हार. १०० च्या फरकाला ही अपेक्षा ०.३६ आहे आणि २०० ला ०.२४. म्हणजे दीड गुण तुमच्या वाट्याचा आहेच, तो कोणत्या डावात येतो एवढाच प्रश्न.

आता देणं-घेणं बघा. तुमचा के-गुणक (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) २० असेल तर ३०० नं वरच्याशी हरलात की रेटिंगचे ३ गुण जातात, बरोबरी झाली की ७ मिळतात आणि जिंकलात तर १७. नव्या खेळाडूंना आणि बऱ्याच मुलांना के ४० असतो, त्यांचं सगळं दुप्पट. समोरच्याचं गणित बरोबर उलटं: जिंकून त्याला चिल्लर मिळते आणि बरोबरीत त्याचं नुकसान होतं. त्याला जिंकावंच लागतं, तुम्हाला नाही. या डावात तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार हेच, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण नेमकं तेच चुकीच्या पद्धतीनं वापरतात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

तयारी: ओपनिंग बदलू नका

पेअरिंग आदल्या रात्री कळलं तर डेटाबेसमध्ये त्याचे डाव जरूर बघा, पण फक्त दोन गोष्टींसाठी. एक, तुमच्या नेहमीच्या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या ठरलेल्या सुरुवातीला, तो काय उत्तर देतो. दोन, तो हरलेले आणि बरोबरीत सुटलेले शेवटचे पाच-सहा डाव. जिंकलेले डाव बघून नुसती धडकी भरते. हरलेल्या डावांत माणूस दिसतो: कुणी वेळ संपत आला की गडबडतो, कुणाला वजीर पटावरून गेल्यावर कंटाळा येतो, कुणी राजावर हल्ला झाला की जास्तच सावध होतो.

काय करू नये? रात्री अकराला कुठल्या तरी आडवळणाच्या गॅम्बिटचा (सुरुवातीलाच प्यादं देऊन टाकणाऱ्या ओपनिंगचा) व्हिडिओ बघून सकाळी तो खेळू नये. समोरच्याला तो गॅम्बिट ठाऊक नसेल, मान्य. पण तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे? १९८० मध्ये स्कारा इथं टोनी माइल्सनं विश्वविजेत्या कार्पोवच्या ई४ ला (घराचं नाव म्हणजे उभ्या रांगेचं अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा) पहिल्याच चालीत ए६ असं प्यादं सरकवून उत्तर दिलं आणि डाव जिंकला. ही गोष्ट सगळे सांगतात. माइल्स स्वतः ग्रँडमास्टर होता, हे मात्र सांगायचं राहून जातं.

अनोळखी स्थितीबद्दल एक खरी गोष्ट आहे. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून मोहरी आठवून पुन्हा मांडायला सांगितली. खऱ्या डावातली स्थिती असेल तर तगडे खेळाडू फारच पुढे होते. मोहरी वाटेल तशी विखुरली, तर त्यांची आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्यांची ताकद ओळखीच्या रचनांमध्ये असते. यावरून ‘डाव विचित्र करा’ असा निष्कर्ष काढणारे अर्धेच बरोबर असतात. डाव अशा जागी न्या जिथं तुमची ओळख त्याच्याइतकीच आहे. ती जागा म्हणजे तुम्ही दोन-तीन वर्षं रोज खेळता ती ओपनिंग. त्यात तुम्ही कुठं चुकता हे निदान तुम्हाला तरी माहीत असतं.

पहिल्या पंधरा चाली: घड्याळ सांभाळा

समजा ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद असा वेळ आहे. कमकुवत बाजूचा नेहमीचा घोळ असा की माहीत असलेल्या चालींवरही भीतीनं वेळ घालवायचा: ‘यानं हे खेळलं म्हणजे काहीतरी असणार.’ आणि पंचविसाव्या चालीला, जिथं खरंच काहीतरी असतं, तिथं सहा मिनिटं उरतात. मी स्वतःसाठी ठेवलेलं माप: पंधरावी चाल लिहिताना घड्याळात एक तासाच्या आसपास असलं पाहिजे. तो मात्र चाल करून उठेल, इतर पट बघत फिरेल. फिरू दे. त्याच्या वेगाशी तुमच्या वेगाचा संबंध नाही.

प्रत्येक चालीनंतर स्वतःला एकच प्रश्न विचारा, तोही शब्दांत: या चालीमुळे आता त्याला काय करता येतं जे आधी करता येत नव्हतं? ‘त्याचा डाव काय असेल’ असा मोघम प्रश्न नको, त्यानं नुसता घाम फुटतो. उंट ई२ वरून एफ३ वर आला, तर आता तो डी५ आणि बी७ कडे बघतोय आणि ई-रांग मोकळी झाली. संपलं. इतपत उत्तर मिळालं की आपली चाल शोधायला लागा.

आपली चाल ठरली की हात पुढे करण्याआधी पाच सेकंद पट नव्यानं बघा: त्याचे सगळे शह, त्याची सगळी मारामारी. पूर्वी लोक चाल आधी कागदावर लिहून मग खेळायचे, तेवढ्यात चूक दिसायची. आताच्या नियमात ते चालत नाही. आधी चाल, मग नोंद. म्हणून हातावर बसा. शब्दशः.

अदलाबदलीचा सापळा

आता ते हत्यार चुकीचं वापरण्याबद्दल. ‘मला बरोबरी पुरे, म्हणजे मोहरी कमी करत जाऊ.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि याच विचारानं सगळ्यात जास्त डाव हरले जातात.

माझाच एक डाव सांगतो. समोरचा साडेतीनशेनं वर. वीस चालींपर्यंत स्थिती अगदी समान. मी वजीर बदलले, घोडे बदलले, उंट बदलले, आणि शेवटी डी-रांगेत हत्तीही बदलला. त्याच्या राजानं डी२ वर माझा हत्ती मारला. दोन्हीकडे सारखी प्यादी. मी मनात निकाल लिहूनही टाकला होता. पण त्या मारामारीत त्याचा राजा फुकटात एक घर पुढे आला होता आणि माझा एच७ वर कोपऱ्यात बसला होता. काही चालींनी चित्र असं झालं: त्याचा राजा डी६ वर, माझा डी८ वर, माझी प्यादी बी७ आणि एफ७ वर, प्याद्यांच्या मोकळ्या चाली संपलेल्या, आणि चाल माझी. ई८ वर गेलो तर तो सी७ वर येऊन बी७ खाणार, सी८ वर गेलो तर ई७ वर येऊन एफ७ खाणार. चाल करावी लागत नसती तर बरोबरी होती. त्यानं पूर्ण डावात एकही भारी चाल खेळली नाही. तशी गरज मीच ठेवली नव्हती.

प्रत्येक अदलाबदलीत कुणाचा तरी फायदा होतो: कुणाचं मोहरं पुढे येतं, कुणाला रांग मिळते, कुणाचं प्यादं एकटं पडतं. तगडा खेळाडू हे लहान फरक गोळा करण्यात तुमच्यापेक्षा तरबेज असतो. रेटिंगमधला फरक बराचसा तिथंच असतो. मारामारीच्या डावपेचात तोही माणूसच आहे, चुकू शकतो. शांत अंतिम डावात तो फार कमी चुकतो.

हे फक्त खालच्या पटांवर घडतं असं नाही. १९९० च्या मनिला इंटरझोनलमध्ये, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत, शेवटच्या फेरीत मिखाईल गुरेविचला नायजेल शॉर्टविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी बरोबरी पुरेशी होती. त्यानं फ्रेंच बचावाची अदलाबदलीची शाखा खेळली, बरोबरीसाठी जगभर बदनाम असलेली. आणि तो हरला.

तेव्हा नियम असा ठेवा: अदलाबदलीनंतर माझं कोणतं मोहरं आधीपेक्षा चांगलं होतं, हे बोट ठेवून सांगता आलं तरच करा. ‘कमी मोहरी म्हणजे कमी धोका’ हे कारण चालणार नाही.

मग त्याला काम लावायचं कसं

१९६० च्या लाइपझिग ऑलिंपियाडमध्ये जोनाथन पेनरोजसमोर मिखाईल ताल होता, त्याच वर्षी विश्वविजेता झालेला. पेनरोज व्यावसायिक खेळाडू नव्हता. तालनं काळ्या मोहऱ्यांनी बेनोनी ही धारदार ओपनिंग निवडली, म्हणजे भांडण त्यालाच हवं होतं. पेनरोजनं काय केलं? काही चमत्कारिक नाही. मधली प्यादी पुढे घेतली, मोहरी त्यांच्या मागे नीट लावली, आणि एकोणिसाव्या चालीला ई५ खेळून प्यादं देऊन टाकलं. तालनं डी-प्याद्यानं ते खाल्लं. लगेच पेनरोजनं एफ५ केलं.

पट मांडून बघा, म्हणजे यातली मजा कळेल. काळ्याचा जी७ वरचा उंट म्हणजे बेनोनीचा प्राण. तो आता ई५ वरच्या स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडला गेला. आणि ई४ चं घर पांढऱ्या घोड्यासाठी मोकळं झालं. एका प्याद्याच्या किमतीत समोरचं सगळ्यात चांगलं मोहरं बंद आणि आपलं सगळ्यात चांगलं चालू. पेनरोज तो डाव जिंकला.

यातून उचलण्यासारखं ते बलिदान नव्हे. तसं करू जाल तर दहातल्या आठ वेळा नुसतं प्यादं जाईल. उचलायची ती पद्धत. आपली सगळी मोहरी कामाला लागली आहेत का हे आधी बघा. लागली असतील तर त्याचं सगळ्यात चांगलं मोहरं शोधा आणि ते बंद करायचं किंवा बदलायचं काही साधन आहे का ते पाहा. असेल तर घाबरू नका. तगडा खेळाडू समोर आहे म्हणून माणूस नेमकी हीच चाल टाळतो, ‘त्यानं हे पाहिलंच असणार’ म्हणून. त्यानं पाहिलेलं नसतं असं मी म्हणत नाही. तुम्ही ती खेळणार नाही असं त्यानं धरलेलं असतं.

दुसरी, जास्त साधी वाट म्हणजे ताण टिकवणं. मध्यात प्यादी समोरासमोर आहेत, मारू शकता, पण मारायची घाई नाही. तशीच राहू द्या आणि एखादी उपयोगी चाल करा. दर चालीला त्याला ‘आता मारलं तर, पुढे ढकललं तर’ असे तीन-तीन पर्याय मोजावे लागतात. तुम्हालाही लागतात, पण जिंकायची घाई त्याला आहे. अशाच वेळी वरचे खेळाडू जरा जास्त ओढतात, एखादं प्यादं उगाच पुढे टाकतात. त्या एका चालीची वाट बघायची असते आणि ती आली की ओळखायची असते. ओळखण्यासाठी घड्याळात वेळ हवा. म्हणून वर घड्याळाचा एवढा काथ्याकूट केला.

डाव फसला तर

बहुतेक वेळा फसेलच. तेव्हा दोन गोष्टी पाठ असलेल्या बऱ्या.

पहिली, काही ठरीव बचाव. हे येत असतील तर एक प्यादं कमी असूनही तुम्ही मेलेले नसता:

- हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती: तुमचा राजा त्या प्याद्यासमोर असेल तर हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत आडवा ठेवा, म्हणजे त्याचा राजा पुढे घुसू शकत नाही. प्यादं त्या ओळीत आलं की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि मागून शह देत राहा. हा फिलिडोरचा बचाव.
- कडेचं प्यादं आणि चुकीचा उंट: पांढऱ्याचं एच-प्यादं आहे आणि उंट पांढऱ्या घरांचा, तर एच८ हे काळं घर त्याला कधीच मिळत नाही. तुमचा राजा एच८ वर पोचला की बरोबरी. म्हणून हरताना ‘शेवटचं प्यादं कडेचंच उरेल का’ हे बघत राहावं.
- विरुद्ध रंगाचे उंट आणि बाकी फक्त प्यादी: एक प्यादं कमी असताना बहुधा वाचता येतं, कधी कधी दोन असतानाही.
- हत्तींचा डाव, प्यादी सगळी एकाच बाजूला, चारास तीन किंवा तिनास दोन: बरोबरी राखता येते, पण तास दीड तास बसायची तयारी हवी.

दुसरी गोष्ट, राजीनाम्याची घाई. समोरच्याच्या रेटिंगला घाबरून लोक दहा चाली आधीच हात पुढे करतात. १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्स रेशेव्हस्कीविरुद्ध साफ हरला होता. त्यानं एच४ अशी निरुपद्रवी दिसणारी प्याद्याची चाल केली. रेशेव्हस्कीनं दोन चालींनी वजिरानं जी३ वरचं प्यादं खाल्लं आणि इव्हान्सनं आपला वजीर जी८ वर शह देत फेकून दिला, मग हत्ती जी७ वर. हत्ती मारला तर स्टेलमेट (शह नाही, पण करायला चालच नाही, म्हणजे बरोबरी), नाही मारला तर शहावर शह. बरोबरी.

अशी जागा शोधायची रीत आहे. हरताना मोजा: माझा राजा हलू शकतो का? प्यादी अडकली आहेत का? राजाला जागा नाही, प्यादी गच्च, आणि चालणारं फक्त एक-दोन मोहरं, असं असेल तर ती मोहरी कुठं फेकता येतील ते शोधा. जिंकणारा माणूस अशा वेळी घड्याळाकडे आणि पुढच्या फेरीकडे बघत असतो.

बरोबरी मागणं आणि नियम

साधारण संकेत असा की वरच्या रेटिंगवाल्यानं बरोबरी देऊ करावी. नियम तसं म्हणत नाही, पण बाराव्या चालीला तुम्ही विचारलंत की त्याला कळतं, हा घाबरलाय. मग तो दुप्पट उत्साहानं खेळतो. एकदा विचारून नकार आला तर स्थिती बदलल्याशिवाय पुन्हा विचारू नका. सारखं विचारणं म्हणजे त्रास देणं, आणि पंच त्याची दखल घेऊ शकतात. काही स्पर्धांत तर ठरावीक चालींपर्यंत विचारायलाच मनाई असते, ते आधी वाचून घ्या. विचारायची पद्धत: आधी चाल करायची, मग बोलायचं, मग घड्याळ दाबायचं.

तीनदा तीच स्थिती आल्याचा दावा मात्र लोक हमखास चुकवतात. स्थिती तीच, चाल त्याच बाजूची, आणि कॅसलिंगसारखे (राजा-हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) हक्कही तेच हवेत. लागोपाठच यायला हवी असं नाही. तुमच्या पुढच्या चालीनं ती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल खेळू नका. कागदावर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना सांगा. मोहऱ्याला हात लावलात की त्या चालीपुरता दावा गेला. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. म्हणून नोंद स्वच्छ हवी.

तुम्हीच वर असाल तर

थोडक्यात. खालच्या खेळाडूला पहिल्या वीस चालींत संपवायचा अट्टहास नको. मोहरी पटावर ठेवा, सरळ खेळा, संधी आली की घ्या. त्याला अडचणीत टाकायला मुद्दाम वाकडी चाल करणं म्हणजे वर सांगितलेली एक चाल त्याच्या हातात देणं. आणि पोरगं दहा वर्षांचं असेल तर त्याचं रेटिंग महिनाभर जुनं आहे असं समजा. २०२५ च्या महिला विश्वचषकात दिव्या देशमुख पंधराव्या मानांकनानं उतरली होती आणि करंडक घेऊन, ग्रँडमास्टर होऊन बाहेर पडली.

डाव संपल्यावर

हरलात तरी उठून जाऊ नका. हात मिळवा आणि विचारा, ‘पाच मिनिटं बघूया का?’ बहुतेक तगडे खेळाडू आनंदानं बसतात. ‘मी कुठं हरलो?’ हा प्रश्न विचारू नका, ते घरी इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) सांगेल. ‘कुठल्या चालीपर्यंत तुम्हाला काळजी वाटत होती?’ असं विचारा. माझ्या त्या अदलाबदलीच्या डावात समोरच्यानं पट मागे नेत नेत एकोणिसाव्या चालीवर आणून ठेवला, वजीर अजून पटावर होते तिथं. म्हणाला, ‘इथं तू घोडा ई४ वर आणला असतास तर काय करावं मला सुचत नव्हतं.’ मी त्या जागी वजीर बदलले होते.

नोंदीच्या कागदावर त्या चालीभोवती पेन्सिलनं गोल केला आहे. तो कागद अजून बुद्धिबळाच्या पिशवीतच असतो.